व्यासपीठ दात्याचे, शब्द वक्त्याचे

व्यापारी घराण्यात आई-वडिलांच्या स्मरणार्थ काही करावयाचे ठरले की पर्याय बहुधा ठरलेले असतात. पाणपोई, धर्मशाळा, पांजरपोळ, दवाखान्यातील एखादी खाट, शाळेची खोली. या सर्व दानांचे एक वैशिष्ट्य असे की दिलेली वस्तू डोळ्यांना दिसते. भिंतीवर संगमरवरी पाटी लागते आणि नातवंडांना ती बोट दाखवून वाचून दाखविता येते. गेल्या काही दशकांत या यादीत आणखी एका दानाची भर पडली आहे, ते म्हणजे महाविद्यालयात किंवा विद्यापीठात घराण्यातील वडीलधाऱ्यांच्या नावाने दरवर्षी होणारे जाहीर व्याख्यान. हे दान इतरांहून अगदी निराळे आहे. तासाभरात ते हवेत विरून जाते. शिवाय पाणपोईचे पाणी देणाऱ्याच्या मतांना कधी विरोध करीत नाही. व्याख्याता करू शकतो.

विषय राजकारणाचा, अर्थकारणाचा किंवा शिक्षणविषयक धोरणाचा असेल तर असा विरोध होण्याचा संभव अधिकच. म्हणून पुष्कळ विश्वस्त मंडळे हल्ली या विषयांच्या वाटेलाच जात नाहीत. थोर पुरुषांची चरित्रे, ताणमुक्त जीवन, यशाची गुरुकिल्ली अशा निरुपद्रवी विषयांवर एखाद्या नामवंत वक्त्याला बोलावून कार्यक्रम गोड केला जातो. वक्ता निवडण्यापूर्वी ‘ते काही वादग्रस्त तर बोलणार नाहीत ना?’ हा प्रश्न हटकून विचारला जातो. प्रश्न विचारणाऱ्याला दोष देता येत नाही. पैसा त्याचा, नाव त्याच्या वडिलांचे आणि दुकान त्याच गावात. तरीही या प्रश्नाने व्याख्यानाचे प्रयोजनच संपते की काय, याचा विचार व्हावयास हवा. त्यासाठी आपल्याच देशातील काही जुन्या देणग्यांचा प्रवास पाहणे उपयोगी ठरेल. तो प्रवास मुंबईत सुरू होतो, कलकत्त्यास जातो आणि फिरून पुण्यास येतो.

मुंबईच्या फोर्ट भागातील राजाबाई टॉवर सर्वांना ठाऊक आहे. सुरतहून मुंबईस येऊन कापसाच्या आणि शेअरांच्या व्यापारात अफाट संपत्ती मिळविणारे प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयाच्या इमारतीसाठी दोन लाख रुपये दिले आणि पुढे आईच्या नावाने मनोरा बांधण्यासाठी आणखी दोन लाख. अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले, १ जुलै १८६५ रोजी मुंबईच्या शेअरबाजाराचा फुगा फुटला आणि त्यात प्रेमचंदशेठही सापडले. मनोरा मात्र उभा राहिला. १८७८ च्या नोव्हेंबरात तो पूर्ण झाला. ही कथा बहुतेक जैन घरांत सांगितली जाते. त्यांच्या दुसऱ्या एका देणगीचा उल्लेख मात्र तुलनेने क्वचित होतो. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख रुपये दिले होते. ज्या शहराशी त्यांचा ना जन्माचा संबंध ना वास्तव्याचा, तेथील विद्यापीठाला दिलेल्या या रकमेचा विनियोग कसा करावा, हेही त्यांनी विद्यापीठावरच सोपविले. विद्यापीठाने १८६६ मध्ये त्यातून उच्च अध्ययनासाठी शिष्यवृत्ती सुरू केली. ‘पी. आर. एस.’ ही अक्षरे नावापुढे लावणे ही बंगालमध्ये पुढे कित्येक पिढ्या मोठ्या मानाची गोष्ट होती.

१८८६ मध्ये ही शिष्यवृत्ती मिळविणाऱ्या तरुणाचे नाव आशुतोष मुखर्जी. गणितात असामान्य गती असलेला हा विद्यार्थी पुढे कलकत्ता उच्च न्यायालयाचा न्यायाधीश आणि त्याच विद्यापीठाचा कुलगुरू झाला. आशुतोषांची कन्या कमला लहान वयात विधवा झाली होती. समाजाचा रोष पत्करून त्यांनी तिचा पुनर्विवाह केला. १९२३ मध्ये ती वारली, तेव्हा तिच्या नावाने त्यांनी विद्यापीठात एक व्याख्यानमाला सुरू केली. पहिली व्याख्याने अॅनी बेझंट यांची झाली. त्यांच्या विषयांत भारतीय शिक्षणाचे आदर्श हा एक विषय होता. पुढे व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांनी ‘भारतीय नागरिकाचे हक्क आणि कर्तव्ये’ या विषयावर कमला व्याख्याने दिली. नागरिकाचे हक्क कोणते, ते कोणी द्यावयाचे आणि राज्यकर्त्यांनी ते मोडले तर काय, हे प्रश्न परकीय राजवटीत विद्यापीठाच्या व्यासपीठावरून विचारले गेले. ही व्याख्याने विद्यापीठानेच १९२७ मध्ये पुस्तकरूपाने छापली.

मुंबईच्या एका व्यापाऱ्याने न पाहिलेल्या विद्यार्थ्यासाठी पैसे दिले. त्या विद्यार्थ्याने वार्धक्यात आपल्या मृत मुलीसाठी व्याख्यान ठेवले. आणि त्या व्यासपीठावर मद्रास इलाख्यातला एक माजी शाळामास्तर नागरिकांच्या हक्कांविषयी बोलला. यांतल्या कोणत्याही टप्प्यावर पुढचा टप्पा कोणाला ठाऊक नव्हता.

हे श्रीनिवास शास्त्री म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले यांचे शिष्य. गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, अर्थात भारत सेवक समाज स्थापन केला. १९१५ मध्ये त्यांच्या निधनानंतर समाजाचे अध्यक्षपद शास्त्रींकडे आले. याच समाजाकडे साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी एक मोठी रक्कम सुपूर्द केली आणि ६ जून १९३० रोजी गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. आज तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. काळे यांच्या स्मरणार्थ संस्थेने वार्षिक व्याख्यान सुरू केले आणि ते स्वस्त पुस्तिकेच्या रूपाने छापण्याचा प्रघात पाडला. या पुस्तिका पाहिल्या तर विषयांचा आवाका लक्षात येतो. ठक्करबाप्पा आदिवासींच्या प्रश्नावर बोलले. वैकुंठलाल मेहता सहकारातील नियोजनाविषयी बोलले. ते स्वतः सहकारी बँकेतले, तेव्हा विषय त्यांच्या हाताखालचाच होता. या मालिकेतील सर्वांत गाजलेले व्याख्यान मात्र २९ जानेवारी १९३९ चे. स्थळ पुण्याचा गोखले हॉल, वक्ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, विषय ‘संघराज्य विरुद्ध स्वातंत्र्य’.

विषय त्या दिवसांतला अत्यंत ज्वलंत होता. १९३५ च्या कायद्याचा प्रांतिक स्वायत्ततेचा भाग १९३७ मध्ये अमलात आला होता. ब्रिटिश हिंदुस्थानचे प्रांत आणि संस्थाने यांना एकत्र आणणारे संघराज्य अद्याप यावयाचे होते. ते यावे की न यावे, यावर देशात खल चालू होता. आंबेडकरांनी सभेपुढे भावनेचे आवाहन केले नाही. कायद्याची कलमे काढली आणि हिशेब मांडला. संघराज्याच्या वरिष्ठ सभागृहातील २६० जागांपैकी १०४ संस्थानांना, म्हणजे शेकडा ४०. कनिष्ठ सभागृहातील ३७५ पैकी १२५ संस्थानांना, म्हणजे एक-तृतीयांश. संस्थानांची लोकसंख्या देशाच्या सुमारे एक-चतुर्थांश. प्रांतांचे प्रतिनिधी या ना त्या प्रकारे निवडून यावयाचे होते. संस्थानांचे प्रतिनिधी राजेरजवाडे नेमणार होते आणि त्या राजांवर ब्रिटिश सरकारची अधिसत्ता होती. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार गव्हर्नर जनरलच्या हाती राखून ठेवलेले. अशा रचनेतून जबाबदार राज्यपद्धती कशी येणार आणि वसाहतीचे स्वराज्य तरी कसे मिळणार, असा त्यांचा सवाल होता. एकसंध भारताच्या नावाखाली लोकनियुक्त प्रांतांना निरंकुश राजसत्तेशी जखडून टाकले जात आहे, हे त्यांनी कलमागून कलम वाचून दाखविले.

हिशेबाची वही उघडून केलेले हे भाषण व्यापाऱ्याला सहज कळावे असेच आहे. भागीदारीच्या करारात भांडवल कोणाचे किती, मताचा अधिकार कोणाला किती आणि भागीदारी मोडावयाची झाल्यास वाट कोणती, हे तीन प्रश्न कोणताही शहाणा भागीदार आधी विचारतो. आंबेडकरांनी एका देशाच्या कराराला तेच तीन प्रश्न विचारले.

हे व्याख्यान कोणाच्या घरी झाले, हा भागही महत्त्वाचा आहे. गोलमेज परिषदेत संघराज्याची कल्पना उचलून धरणाऱ्यांत सर तेजबहादुर सप्रू, बॅरिस्टर जयकर आणि खुद्द श्रीनिवास शास्त्री हे उदारमतवादी नेते होते. कायद्याच्या अंतिम स्वरूपावर ते नाराज होते हे खरे. पण मूळ कल्पना त्यांना प्रिय होती. उदारमतवादी परंपरेच्या समाजाने सांभाळलेल्या संस्थेने, गोखल्यांच्या नावाच्या सभागृहात, त्या कल्पनेची चिरफाड करणाऱ्या वक्त्याला सन्मानाने बोलाविले आणि ते भाषण त्याच वर्षी आपल्याच खर्चाने प्रसिद्ध केले. वक्ते कोण आहेत याविषयी कोणी अंधारात नव्हते. मुंबई कायदेमंडळातील स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते, गोलमेज परिषदेचे सभासद आणि कोणाचीही भीड न ठेवणारे विद्वान अशी त्यांची ख्याती होती. चारच वर्षांनी, १८ जानेवारी १९४३ रोजी, डेक्कन सभेच्या निमंत्रणावरून त्याच सभागृहात त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त भाषण केले. त्यात गांधी आणि जीना या दोघांवरही कठोर टीका होती. वृत्तपत्रांनी गदारोळ केला, आणि तेही भाषण पुस्तकरूपाने आले.

पुण्याला ही सवय त्याआधीपासून होती. १८९२ मध्ये रानड्यांनी डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले, तेव्हा ते सरकारी नोकरीत होते. इंग्लंडातील अर्थशास्त्राचे नियम हे निसर्गनियम नव्हेत, देश-काल-परिस्थितीनुसार ते पारखून घेतले पाहिजेत आणि औद्योगिक उन्नतीसाठी सरकारने हातभार लावला पाहिजे, असे त्यांनी सरकारचे चाकर असताना सांगितले. त्या व्याख्यानाला कोणा शेटजींचा निधी नव्हता.

संघराज्य अखेर आलेच नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी त्याची तयारी स्थगित केल्याचे जाहीर केले. म्हणजे व्याख्यानाचा विषय आठ महिन्यांत कालबाह्य झाला, असे कोणी म्हणेल. पण केंद्र आणि घटक यांच्यात मताचे वजन कसे वाटावयाचे, हा त्यातील मूळ प्रश्न आजही व्यापाऱ्याच्या गल्ल्यापाशी उभा आहे. जीएसटी परिषदेची रचना पाहावी. राज्यघटनेच्या २७९ अ या अनुच्छेदानुसार परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक-तृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोन-तृतीयांश. निर्णयासाठी उपस्थित व मतदान करणाऱ्यांच्या भारित मतांपैकी किमान तीन-चतुर्थांश मते हवीत. याचा अर्थ केंद्र एकटे काही संमत करू शकत नाही. पण केंद्राच्या विरोधात सगळी राज्ये एकवटली तरी तीही काही संमत करू शकत नाहीत. राज्यांमध्ये प्रत्येकाचे मत सारखे. महाराष्ट्राच्या मताला जेवढे वजन, तेवढेच गोव्याच्या आणि तेवढेच सिक्कीमच्या मताला. विधानसभा असलेले केंद्रशासित प्रदेश धरून ३१ सभासद होतात. ते सर्व मतदान करीत असतील तर त्यांपैकी १२ जण एकत्र आले की केंद्राने मांडलेला प्रस्तावही अडू शकतो. प्रत्यक्षात बहुतेक निर्णय एकमताने होतात. पहिल्यांदा मतदान झाले ते डिसेंबर २०१९ मध्ये, तेही लॉटरीवरील कराच्या दरासाठी. पुढे १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परिषदेच्या शिफारशी संसदेवर आणि विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, असा निर्णय दिला.

दुकानातल्या मालावर पाच टक्के की अठरा टक्के, हे ठरविणारी ही यंत्रणा किती व्यापाऱ्यांनी समजावून घेतली आहे? अर्थसंकल्पानंतर गावोगाव व्यापारी संघटना चार्टर्ड अकाउंटंट मंडळींची भाषणे ठेवतात. ती उपयुक्तच असतात. विवरणपत्र कधी भरावयाचे, कोणत्या दुरुस्तीने काय फरक पडला, हे त्यांतून कळते. पण दर कोण ठरवितो, कोणत्या अधिकाराने ठरवितो आणि आपल्या राज्याच्या तिजोरीला त्यातून काय मिळते, हा भाग त्यांत येत नाही आणि यावा अशी अपेक्षाही नाही. एके काळी नानी पालखीवालांच्या अर्थसंकल्पावरील भाषणाला मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम भरत असे. साठी उलटलेल्या अनेक व्यापाऱ्यांनी ती भाषणे उभ्याने ऐकली आहेत. ते व्यासपीठ विद्यापीठाचे नव्हते, पण पालखीवाला काय बोलणार हे आधी तपासून घेण्याची कोणाची हिंमत नव्हती.

शिक्षणाच्या धोरणाचेही असेच आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर व्हावा, ही शिफारस दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९६६ मध्ये केली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. आयोगाने त्यासाठी १९८५-८६ ही मुदत घातली होती. १९६८ च्या धोरणाने ते ध्येय मानले, १९८६ च्या धोरणाने पुन्हा मानले, २०२० च्या धोरणात ते पुन्हा आले आणि आजही ते गाठलेले नाही. एखाद्या पेढीने साठ वर्षे तोच वायदा चालविला तर बाजारात तिची हुंडी कोणी स्वीकारणार नाही. असे का झाले, पैसा कोठे अडतो, केंद्र आणि राज्य यांपैकी कोणाचा वाटा किती, मुलांच्या महाविद्यालयीन शुल्काचा याच्याशी काय संबंध, हे सारे तासाभराच्या शांत, अभ्यासपूर्ण व्याख्यानाचे विषय आहेत. दूरचित्रवाणीवरील आठ जणांच्या कल्लोळात ते मावत नाहीत. पुणे विद्यापीठाचे बहिःशाल शिक्षण मंडळ पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर यांच्या नावाची व्याख्यानमाला महाविद्यालयांतून चालविते. गावातली महाविद्यालये अशा मालांचे यजमान असतात, सभागृह असते, खुर्च्या असतात. श्रोत्यांत मात्र बहुतेकदा त्या महाविद्यालयाचेच विद्यार्थी दिसतात. व्यापारपेठेतून कोणी येत नाही.

दात्याचे मत आणि वक्त्याचे मत यांतील अंतराचे आणखी एक उदाहरण परदेशातील असले तरी पैसा येथलाच होता. जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांनी १९१२ पासून लंडन विद्यापीठाला दारिद्र्याच्या कारणांच्या अभ्यासासाठी दरसाल १,४०० पौंड देऊ केले. गोखल्यांच्या भारत सेवक समाजालाही त्यांनी साहाय्य केले होते, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. लंडनमधील काम लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सुरू झाले. त्याचे पहिले संचालक आर. एच. टॉनी. १९१३ मध्ये त्यांनी जे उद्घाटनपर व्याख्यान दिले, त्याचा विषय होता दारिद्र्य हा उद्योगव्यवस्थेचाच प्रश्न कसा आहे. गरिबी ही गरिबाच्या स्वभावदोषाने किंवा दुर्दैवाने येते, ही त्या काळची सुखद समजूत त्यांनी नाकारली आणि मजुरीचे दर, कामाची शाश्वती, उद्योगाची रचना यांकडे बोट दाखविले. टॉनी समाजवादी विचारांचे होते. नफ्याच्या हव्यासावर त्यांनी पुढे जे लिहिले ते जगभर वाचले गेले. आणि निधी देणाऱ्यांचे घराणे गिरण्यांचे आणि पोलादाचे. टॉनी संचालक राहिले, अभ्यास चालू राहिला, आणि वेगवेगळ्या उद्योगांतील किमान वेतनावरचे त्यांचे ग्रंथ याच निधीच्या आश्रयाने निघाले. त्याच संस्थेत काही वर्षांनी आंबेडकर शिकावयास गेले.

आता थोडे मुद्दलाविषयी, कारण हेतू उत्तम असूनही पुष्कळ व्याख्यानमाला मरतात त्या हिशेबाच्या चुकीने. सामान्यतः काय होते? एक रकमी निधी दिला जातो, तो मुदत ठेवीत जातो आणि येणारे सर्व व्याज दरवर्षी खर्च होते. उदाहरणादाखल दहा लाखांची ठेव सात टक्के दराने धरली तर वर्षाला सत्तर हजार मिळतील. आज त्यात वक्त्याचा प्रवास, मानधन, सभागृह, छपाई असे सारे भागेल. पण महागाई पाच टक्के धरली तर चौदा-पंधरा वर्षांत खर्च दुप्पट होतो. व्याज तेवढेच राहते. मग आधी पुस्तिकेची छपाई बंद होते, नंतर बाहेरगावचा वक्ता परवडेनासा होतो, पुढे दोन वर्षांतून एकदा आणि शेवटी फक्त फलकावर नाव. मुद्दलाचे मोल टिकवावयाचे तर महागाईइतके, म्हणजे पाच टक्के व्याज मुद्दलातच परत घालावे लागेल आणि खर्चाला उरतील दोन टक्के. त्या हिशेबाने सत्तर हजारांचे व्याख्यान कायम चालविण्यासाठी पस्तीस लाखांचे मुद्दल हवे.

शिवाय यात कायद्याची एक अडचण आहे. सार्वजनिक न्यासाला आयकरातून सूट हवी असेल तर वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टासाठी वापरावा लागतो. पंधरा टक्के बिनशर्त मागे ठेवता येतात. त्याहून अधिक ठेवावयाचे तर हेतू कळवून, जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी. वरील उदाहरणात पंधरा टक्के म्हणजे साडेदहा हजार रुपये. दहा लाखांवर ही वाढ एक टक्क्याच्या आसपास पडते आणि महागाई पाच. तेव्हा निधी जगविण्याचा खात्रीचा उपाय एकच उरतो, तो म्हणजे घराण्याने अधूनमधून मुद्दलात नव्याने भर घालणे, आणि ती रक्कम कायम निधीसाठी आहे असे लेखी देणे. घरातील लग्न, नव्या दुकानाचा मुहूर्त, आजोबांची पुण्यतिथी अशा प्रसंगी ही भर सहज घालता येते. व्याख्यानाच्या दिवशी मंचावर बसण्याइतकीच ती घराण्याची जबाबदारी आहे. बहुतेक घराण्यांना मंचावरची खुर्ची तेवढी आठवते.

कार्यक्रमाच्या रचनेविषयीही लिहिणे भाग आहे. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, सत्कार, प्रास्ताविक, दात्याच्या घराण्याचा परिचय, वक्त्याचा परिचय, पुन्हा सत्कार. यांत पाऊण तास जातो. वक्त्याला चिठ्ठी येते की चाळीस मिनिटांत आटोपते घ्यावे. मग अध्यक्षीय समारोप आणि लगबगीचे आभार. श्रोत्यांचे प्रश्न वेळेअभावी होत नाहीत, आणि पुष्कळ ठिकाणी ही वेळेची अडचण आयोजकांना सोयीचीच वाटते. ज्या घराण्याला आपल्या नावाचे व्याख्यान खरोखर चालावे असे वाटते, त्याने दानपत्रातच लिहून द्यावे की परिचय व सत्कार मिळून दहा मिनिटांच्या आत संपतील, प्रश्नांना किमान अर्धा तास राहील आणि भाषण छापले जाईल. वक्ता विद्यापीठाच्या अभ्यासकांची समिती निवडील, दात्याच्या घरचा एक प्रतिनिधी समितीत बसला तरी त्याला नकाराधिकार असणार नाही, हेही त्यात असावे. विषय आधी कळावा, पण भाषण आधी मागू नये. शेवटची अट विद्यापीठांनाही जड जाते. वरून विचारणा होईल या भयाने तीही वक्त्याकडून भाषण आधी मागवू लागली तर दात्याने ती अट पुढे करून विद्यापीठाच्या पाठीशी उभे राहावे.

असे एखादे व्याख्यान झाले आणि वक्त्याने व्यापाऱ्यांविषयीच चार कडवट गोष्टी सांगितल्या, तर? साठेबाजीविषयी, कामगारांच्या पगाराविषयी, रोखीच्या व्यवहारांविषयी, किंवा आवडत्या सरकारच्या एखाद्या धोरणाविषयी? प्रश्नोत्तरांचा अर्धा तास राखलेला असेल तर सभागृहातील एखाद्या व्यापाऱ्याला उठून सांगता येईल की घाऊक बाजारात माल पडून राहतो तेव्हा त्याचे व्याज कोण भरतो, मोठ्या कंपन्या लहान पुरवठादाराचे पैसे किती महिने थकवितात आणि खरेदीवर भरलेला कर परत पदरात पडेपर्यंत खेळते भांडवल कसे अडकते. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना हे तपशील क्वचितच कोणी सांगते. पुढच्या रांगेतील विद्यार्थी ते लिहून घेतील, आणि छापील पुस्तिकेत भाषणामागे ती प्रश्नोत्तरेही येतील.